खदान बुजवली तेव्हा

लग्न होऊन मी मेहकरला आले तेव्हा आमच्या घरामागे नगरपालिकेची खदान होती. पूर्वी तिथून मुरूम काढत. मुरूम संपला आणि तो खड्डा गावाच्या कचऱ्यासाठी मोकळा झाला. सकाळी बैलगाड्या येत आणि राख, सडका भाजीपाला, छपरांचे फुटके कवेलू, दवाखान्यातल्या पट्ट्या, कधी मेलेलं कुत्रं, असं सगळं ओतून जात. मैल्याच्या गाड्याही तिथेच रित्या होत. माझं माहेर उंद्रीचं. तिथे ज्याचा त्याचा उकिरडा असे आणि त्याचा वास घरचाच वाटे. इथला वास कोणाचाच नव्हता. सुरुवातीला मी जेवताना पदर नाकाशी धरायचे. पुढे सवय झाली.

सासरे हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. मी त्यांना मामाजी म्हणायचे. खदान बंद व्हावी म्हणून ते बरीच वर्षं नगरपालिकेत खेटे घालत होते. खदानीच्या वरच्या अंगाला एका शेतकऱ्याचं शेत होतं. त्यांना सगळी आळी काकाजी म्हणे. काकाजींना खदान बंद व्हायला नको होती. तळातला कुजून काळा झालेला कचरा ते शेतात टाकत, आणि त्यावर त्यांची ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाई. "मास्तरले नाक हाये, आमाले पोट हाये," असं ते कुठेतरी बोलले. ते मामाजींच्या कानावर आलं आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

शेवटी खदान बुजवायचं ठरलं. दवंडी फिरली आणि एका दुपारी नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक आळीतल्या लोकांना समजावून सांगायला आले. तरुण होते, पुण्याकडचे. त्यांची भाषा ऐकून बायका एकमेकींकडे बघत होत्या. खदानीवर आधी मुरूम आणि वर काळी माती पडेल, असं त्यांनी सांगितलं. खाणं तुटलं की उंदीर घरांकडे येतील. आत आग धुमसत असेल तर फटींतून धूर निघेल, त्यावर माती टाकायची. पावसाळ्यात जमीन खचेल. तिथे खणायचं नाही, बांधायचं नाही, जनावरं सोडायची नाहीत. लोक माना हलवत होते.

मग ते म्हणाले, "आणि खदानीला लागून असलेल्या विहिरीचं पाणी प्यायचं नाही. खदान बंद झाली म्हणून पाणी लगेच सुधारत नाही. पाऊस मुरला की आतलं खाली झिरपतच राहणार."

खदानीला लागून विहीर एकच होती, आमची.

मामाजींनी विचारलं, किती दिवस. साहेब म्हणाले, सांगता येणार नाही, मधूनमधून तपासू. मामाजी म्हणाले, "बंद करा म्हणून मीच मागे लागलो होतो." साहेबांना त्याचा अर्थ लागला नसावा. "फार बरं केलंत," ते म्हणाले.

सासूबाईंचं म्हणणं, आजवर हेच पाणी प्यालो, कोण मेलं? मामाजींनी स्वतः विहिरीवरचा दोर सोडला, गुंडाळला आणि गोठ्यात खुंटीला टांगला.

नळ बसस्टँडच्या बाजूला, लांब. जवळचं चांगलं पाणी म्हणजे काकाजींच्या शेतातल्या, चढावरच्या विहिरीचं. मामाजींना न सांगता सासूबाईंनी मला घागर देऊन तिकडे पाठवलं. काकाजी विहिरीच्या काठावर बसले होते. मास्तरनं पाठवलं का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, सासूबाईंनी. ते म्हणाले, "पाण्याले काय विचारा लागते, सुनबाई? भरा." त्या दिवसापासून मी तिथलंच पाणी आणू लागले. मामाजी ते पीत होते. कुठून येतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मुरूम आणि माती पडून खदान बुजली, आणि साहेबांनी सांगितलेलं एकेक खरं होत गेलं. उंदरांनी ज्वारीची पोती फोडली, मामाजींच्या चपला कुरतडल्या. उंदरांमागे साप आले. मोरीत एकदा धामण निघाली. खदान चालू होती तेव्हा इतका त्रास नव्हता, असं आळीतल्या बायका मला ऐकू येईल असं बोलत. हिवाळ्यात सकाळी मातीतून धुराच्या बारीक रेघा निघायच्या. मामाजी धोतर खोचून, कोट घालून, घमेल्यात माती घेऊन जायचे आणि फटी बुजवायचे. बरोबर कोणी जात नसे.

पावसाळ्यात खदानीवर गवत माजलं. तसं हिरवं गवत आसपास कुठे नव्हतं. काकाजींनी बैल सोडले. दुपारी त्यांच्या हाका ऐकू आल्या. एका बैलाचे मागचे पाय जमिनीत गेले होते आणि भोकातून गरम वाफ येत होती. बैल धडपडे तसा आणखी रुते. मामाजी बघून परत आले, गोठ्याचं दार बिजागरीतून काढायला लावलं, खुंटीवरचा दोर घेतला. माणसं जमली. दार बैलाच्या पोटाखाली सरकवलं, दोर बांधून ओढला, आणि बऱ्याच वेळानं बैल वर आला. त्याची मागच्या पायांची कातडी सोलून निघाली होती. त्या हंगामात तो जुंपला गेला नाही, पण जगला.

माणसं पांगल्यावर दोघं तिथेच बांधावर टेकले. मी दार उचलायला थांबले होते.

"सायबानं सांगतलं होतं," काकाजी म्हणाले. "म्या आयकलं नाई."

मामाजी म्हणाले, "आम्ही तुमच्याच विहिरीचं पाणी पितो."

"हाव. सुनबाई नेते."

एवढंच बोलणं झालं. दोघांची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. पण पुढे रस्त्यात भेटले की थांबत, पावसापाण्याचं बोलत.

आमच्या विहिरीचं पाणी चांगलं झालं असं कोणी येऊन सांगितलं नाही. नगरपालिकेच्या माणसांनी दोनदा बाटलीत भरून नेलं, त्याचं काय झालं कळलं नाही. मामाजी गेले, त्यानंतर काही वर्षांनी आळीत नळ आला आणि तो विषय मागे पडला. धूर कधी थांबला तेही नेमकं आठवत नाही. एका हिवाळ्यात तो दिसला नाही, इतकंच.

काकाजींच्या नातीचं लग्न त्याच बुजवलेल्या खदानीवर झालं. मांडवासाठी खड्डे खणायचे नव्हते, म्हणून डांबराच्या रिकाम्या पिंपांत दगड भरून त्यांत लाकडी बल्ल्या उभ्या केल्या. वऱ्हाड संग्रामपूरकडचं होतं. आम्ही आळीतल्या बायका पंगतीत वाढत होतो. नवऱ्या मुलाचे मामा चहूकडे पाहून मला म्हणाले, गावात इतकी सपाट, मोकळी जागा मिळणं कठीण, तुमचं नशीब चांगलं. मी त्यांच्या पानात वरण वाढलं आणि पुढे सरकले.