नववी ब आणि शेती गट

आपला जन्म कशासाठी झाला आहे, हे माणसाला कळावं, यासाठीच शिक्षण असतं. आमच्या शाळेत हे काम चौथ्या तासाला, पेन्सिलनं, चाळीस मिनिटांत उरकण्यात आलं.

मुख्याध्यापक दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आले होते. कार्यशाळेहून परतल्यावर आठवडाभर ते जरा उंच दिसतात. या वेळी त्यांनी आणलेली कल्पना अशी: मोठ्या शाळेत मूल हरवतं, म्हणून शाळेच्या पोटात चार छोट्या शाळा करायच्या. आरोग्य, तंत्र, व्यापार आणि शेती. नववीच्या प्रत्येक मुलाचा कल तपासायचा आणि त्याला त्याच्या गटात बसवायचं. गटाला स्वतःची खोली, स्वतःचं वेळापत्रक, स्वतःचे शिक्षक.

शेती गट माझ्याकडे आला. मी मराठी शिकवते.

"तुमचं माहेर पाचोडचं ना?" मुख्याध्यापक म्हणाले. "झालं तर मग."

पाचोड शेतकऱ्यांचं गाव असलं, तरी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगायचं काम. शेतीशी आमचा संबंध आठवडी बाजारातून पिशवी घरी आणण्यापुरता. पण हे सांगायच्या आत ते पुढच्या गटाकडे वळले होते.

कल चाचणीच्या दिवशी नववी ब वर पर्यवेक्षणाला मीच होते. पानभर सूचनांच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: यात कोणतंही उत्तर बरोबर किंवा चूक नाही. नऊ वर्षांत मुलांना हे कुणी पहिल्यांदाच सांगत होतं, त्यामुळे कुणाचाच विश्वास बसला नाही. दहाव्या मिनिटाला कुजबुज सुरू झाली.

"सतरावं काय रे?"

"क."

"नक्की?"

"तिचं क हे."

ती म्हणजे पहिल्या बाकावरची, दरवर्षी पहिली येणारी मुलगी. सतरावा प्रश्न होता, 'तुम्हाला मोकळा वेळ कुठे घालवायला आवडतो?' मी हे पाहत होते. गणिताची कॉपी पकडायची कशी ते मला ठाऊक आहे. आवडीची कॉपी पकडायचा नियम मात्र मला कुठे सापडला नाही.

निकाल लागला. नववी अ चारही गटांत नीट विभागली गेली. नववी ब मधल्या जवळजवळ सगळ्यांचा कल शेतीकडे निघाला.

त्या मुलीनं उत्तरं खरी लिहिली होती. वडलांची जमीन गंगापूरकडे, ऊस आणि कपाशी. ते स्वतः शहरात नोकरीला. सगळ्या सुट्ट्या ती काकांच्या शेतात घालवायची. बाकीच्यांचं काय, ते दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात कळलं.

"तुला जनावरांच्या सहवासात शांत वाटतं?" एकानं मित्राचा निकाल मोठ्यानं वाचला.

"गप ए. मला कुत्र्याची पण भीती वाटती."

तिसऱ्या दिवशी पालक आले. गटागटानंच आले. एका वडलांनी निकालाचा कागद टेबलावर ठेवला. "सर, गाव सोडून आम्हाला वीस वर्षं झाली. अन् तुम्ही पोराला परत नांगराला जुंपायला निघाले?"

"ही शास्त्रीय चाचणी आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"मग शास्त्राला म्हणावं, पुन्हा तपास."

पुन्हा तपासणी झाली. या वेळी एका बाकावर एकच मूल होतं. आदल्या संध्याकाळी घरोघरी उत्तरांची तयारी करून घेतली गेली असावी, कारण नववी ब ला एका आठवड्यात रुग्णसेवेची आणि यंत्रांची विलक्षण ओढ लागली. अ आणि ब मिळून शेतीत उरली फक्त सहा मुलं. त्यात ती होतीच. गटाला किमान पंधरा मुलं हवीत, नाहीतर गट बंद, असं ठरलं. तिची रवानगी आरोग्य गटात होणार होती.

ती शिक्षकखोलीत आली. "मॅडम, गट बंद करू नका ना."

"अगं, डॉक्टर झालीस तर वाईट काय?"

"माणसांना डॉक्टर लई आहेत मॅडम. कपाशीला कोणे?"

हे वाक्य मी मनात टिपून ठेवत होते, तेवढ्यात तिनं जोडलं, "अन् मला रक्त बघवत नाय. चक्कर येती."

पालकांची पंधरा संमतीपत्रं जमवायची, तर सुरुवात तिच्या घरापासून करावी, म्हणून मी तिच्या वडलांना बोलावून घेतलं. ते शांत, सभ्य गृहस्थ. लेक शेती गटात राहणार नाही, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. मग मी बोलले. कृषी विद्यापीठ, संशोधन, बियाणं, निर्यात, जे जे आदल्या रात्री वाचलं होतं ते सगळं. लग्नात आहेर द्यायला रांगेत उभं राहून भाषण ऐकावं, तसं त्यांनी ते ऐकलं. ऐकता ऐकता त्यांची नजर माझ्या मागच्या भिंतीवर गेली. तिथं चारही गटांची वेळापत्रकं लावली होती.

"मॅडम, शेतीवाले साडेनऊलाच येतात का?"

"हो. शाळेमागच्या जमिनीच्या तुकड्यावर प्रात्यक्षिक असतं. टाकीत पाणी सकाळीच असतं, दुपारी नळाला काही येत नाही. म्हणून दीड तास आधी बोलावतो."

"अन् सुटतात?"

"दीड तास आधी. साडेतीनला."

"आरोग्यवाले?"

"पाचला. इतर सगळे पाचलाच."

त्यांनी बोटांवर तास मोजले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. "द्या मॅडम, संमतीपत्र कुठंय? पोरीची आवड हे, आपण आडवं येऊ नये."

मला वाटलं, माझ्या भाषणातला निर्यातीचा भाग त्यांना भिडला. सही करून त्यांनी मोबाईलवर वेळापत्रकाचा फोटो काढला. "पालकांच्या ग्रुपवर टाकतो. बाकीच्यांना पण कळू द्या."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच सतरा अर्ज आले. आठवड्याच्या अखेरीस शेतीची खोली अपुरी पडली आणि आम्हाला ग्रंथालयात हलवावं लागलं. मुख्याध्यापकांनी अहवालात लिहिलं, की मुलांना त्यांच्या मातीची हाक ऐकू आली. त्यांनी तो मला तपासायला दिला. मी एक अनुस्वार दिला, बाकी काही बदललं नाही.

ती मुलगी रोज सव्वानऊला येते आणि मला न येणाऱ्या गोष्टी मुलांना शिकवते. परवा तिनं कपाशीच्या बोंडात शिरलेली अळी दाखवली. कुत्र्याला भिणारा मुलगाही पाहायला पुढे झाला होता.

आमचा शेती गट आता शाळेतला सर्वांत मोठा गट आहे. तो साडेतीनला सुटतो. चार वाजता सगळ्यांचा मेडिकल प्रवेशाचा क्लास असतो. तिचाही.