उभी चिंच

सुगनलालजी पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्यावर लिहा, असे गौरवग्रंथाच्या समितीने सांगितले तेव्हा मला पहिली काळजी शुद्धलेखनाची वाटली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आता त्याहून मोठी काळजी लागली आहे. ती शेवटी सांगतो.

आमची ओळख माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात झाली. अंबडला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पंगती बसल्या तरी फोटोग्राफर दिसेनात म्हणून शोधायला गेलो, तर ते गोठ्यामागच्या चिंचेखाली मान मागे टाकून उभे.

"शेठ, नवरीकडं बघा की. झाडाचं लगीन हाये का?"

"आबा, नवरी बराबर आली. हिचा शेंडा राह्यलाय."

तेव्हापासून ते दर वर्षी येतात. एका जागी पाय रोवून बुंध्यापासून सुरुवात करतात, कॅमेरा थोडा थोडा वर नेत आठ-नऊ फोटो काढतात आणि ते जोडून अख्ख्या झाडाचा एकच लांब उभा फोटो करतात. शेंड्याशी पोचेपर्यंत त्यांची टोपी हमखास मागे पडते. शहागडच्या हॉटेलात असा एक फोटो पाहून लोक हसले. "शेठ, ही चिंच हाये का कासरा?" सुगनलालजी शांतपणे म्हणाले, "आपण नांगर हाणल्यागत बघतो, या बांधापासून त्या बांधापर्यंत. वर कोण बघून राह्यलं?"

त्यांचे माझ्यावर मोठे उपकार आहेत. चिंचेचे खोड गोठ्याकडे झुकलेले. वारा सुटला की माझा जीव म्हशींपाशी अडकायचा. शेवटी मी झाड तोडायला लाकूडवाल्याला बोलावले. हे कळताच सुगनलालजी बसने आले आणि त्यांनी तो लांब फोटो अंगणात खाटेवर पसरला. खोड गोठ्याकडे गेलेले, पण वरच्या दोन जाड फांद्या अगदी उलट्या बाजूला. झाडाने आपला तोल आपणच धरलेला.

"फोटोवर भरोसा ठेवू न्हका, आबा. सोताच्या डोळ्यांनी बघा," ते म्हणाले.

मी मान वर केली. चाळीस वर्षे ज्या झाडाला भीत होतो, ते मी पुरते पाहिलेच नव्हते. लाकूडवाल्याला चहा पाजून परत पाठवले. चिंच उभी आहे, गोठाही उभा आहे.

आता ती काळजी. समिती म्हणते, लेखासोबत दिलेला चिंचेचा हा लांब फोटो पानात मावत नाही, आडवा छापू. मी दोनदा जाऊन विनंती केली. "आबा, झाडच हाये, आडवं काय अन् उभं काय," असे उत्तर मिळाले. आम्हा शेतकऱ्यांना आडवे झाड म्हणजे तोडलेले झाड. ज्यांनी ते वाचवले, त्यांच्याच गौरवग्रंथात ते पाडायला माझी संमती नाही. शेंडा कापून छापायलाही नाही. दुमडलेले लांब पान घाला. जमत नसेल तर माझा लेख काढून ती जागा चिंचेला द्या. लेख घेणार असाल तर हा परिच्छेद गाळू नका.

वाचकांनो, एवढे सांगूनही फोटो आडवा दिसला, तर ग्रंथ फिरवून उभा धरा आणि बुंध्यापासून वर बघत जा. सुगनलालजींना भरपूर आयुष्य आणि धडधाकट प्रकृती लाभो. त्यांची मान अशीच मागे जात राहो. टोपी उचलून द्यायला मी आहे.