दुबईच्या ताई आणि अणदूरचा बस्ता

मला सगळं जग बघू शकतं. हे माझं मत नाही, माझ्या मुलाचं आहे. त्या सगळ्या जगापैकी रोज संध्याकाळी मला एकच माणूस बघायचा, आणि तेवढ्यावरही मी बेहद्द खूश होतो!

लोहाऱ्यात आमचं कापडाचं दुकान आहे. वडिलांनी घातलं, मी चालवलं, आणि आता ते चालत नाही म्हणून मी त्यात बसतो. एके काळी लग्नसराईत गादीवर पाय ठेवायला जागा नसायची. आता बाया येतात, इरकल हातात घेतात, पोत बघतात, काठ बघतात, पदर उलटून बघतात, आणि मग पिशवीतून मोबाइल काढून मलाच दाखवतात. "अप्पा, हीच सुरतवाला घरपोच देतोय बघा. आवडली न्हाय तर माघारी बी नेतोय!" एकीनं तर रेशीम चीनचं असलं तरी चालेल म्हणून सांगितलं. माझे वडील समोरच्या गल्लीतल्या दुकानदाराशी चढाओढ करता करता थकून गेले. माझ्या वाट्याला थेट चीन आला.

त्यात घरही रिकामं. आमची ही, म्हणजे सुमन, सुनेच्या बाळंतपणासाठी 'तीन महिने' म्हणून पुण्याला गेली. नातू आता पळायला लागलाय, तरी तिचे तीन महिने काही संपत नाहीत. फोन लावला की नातू तो ओढून घेतो, तोंडात घालतो आणि बंद करतो. (नवरा-बायकोचं निम्मं बोलणं त्याच्या पोटात गेलंय. पचतं कसं, देव जाणे!) दिवसभर दुकानात कुणी नाही, दिवेलागणीला घरी कुणी नाही. कुलूप उघडताना मी उगाच खाकरायचो, आत कुणी असेल तर सावरून बसावं म्हणून. मला एकटं वाटायचं, आणि हे सांगायलाही कुणी नव्हतं.

तेव्हा आमच्या महेशनं पुण्यात बसून उपाय काढला.

"अप्पा, तुम्ही लाइव्ह जा."

"कुठं जाऊ?"

"कुठं नाही हो! दुकानातच मोबाइलसमोर उभं राहायचं, साड्या दाखवायच्या, बोलायचं. सुरतवाले तेच करतात. सगळं जग बघतं."

"आन् जगाशी बोलू काय?"

"गिऱ्हाइकाशी बोलता तेच."

गिऱ्हाइकाशी शेवटचं कधी बोललो होतो हे आठवेपर्यंत त्याची मीटिंग सुरू झाली.

पहिल्या दिवशी मी मोबाइल कापडाच्या ठाणाला टेकवून उभा केला. तो घसरला, पाठीवर पडला, आणि पाऊण तास जगानं आमच्या दुकानाचा पंखा पाहिला. त्या दिवशी अकरा जण बघत होते. दुसऱ्या दिवशी मोबाइल नीट बसवला, पंख्याच्या जागी मी आलो, आणि दहा जण निघून गेले!

एक मात्र राहिला. मोबाइलच्या कोपऱ्यात एक बारीकसा डोळा दिसतो आणि त्याच्यापुढं किती जण बघताहेत तो आकडा येतो. मी रोज संध्याकाळी सुरू केलं की थोड्या वेळात तिथं '१' यायचा, आणि मी थांबेपर्यंत हलायचा नाही. इतकं चिकाटीचं गिऱ्हाईक मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एकदा विचारलंच, "ताई, कुठून बघताय?" (साड्या बघतात म्हणजे ताईच असणार!) खाली अक्षरं उमटली, 'लांबून'.

समोर चहाचं हॉटेल चालवणाऱ्या रशीदभाईंना मी हे दाखवलं. त्यांनी लगेच निकाल दिला. "अप्पा, लांबून बोले तो दुबई! मेरा साडू वहींच है. उधर के लोगां अपने साड्यां कू तरसते."

झालं! त्या दिवसापासून मी दाढी करून लाइव्ह जाऊ लागलो. पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायचो आणि मध्ये मध्ये विचारायचो, "ताई, जेवण झालं का? तिकडं ऊन फार असेल, नाही?" दुबईच्या ताई कधी हसरा चेहरा पाठवायच्या, कधी बदाम. साडी मात्र कधी घेतली नाही. माझी तक्रार नव्हती. दिवसभरात 'जेवलात का' म्हणायला एक तरी माणूस मिळालं होतं.

आणि नेमकं त्याच वेळी अणदूरला माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, मुलीचं लग्न ठरलं. राजश्री माझी एकुलती एक भाची. आता लग्न म्हणजे बस्ता आला. दोन्हीकडची मंडळी जीपा भरून दुकानात येतात, दिवसभर गादीवर बसून नवरीच्या शालूपासून लांबच्या मावशीच्या लुगड्यापर्यंत सगळं निवडतात, दुकानदार चहा पाजून पाजून मेटाकुटीला येतो, आणि शेवटी हळदकुंकू लावून तो गठ्ठा बांधतात. अक्काच्या घरचा प्रत्येक बस्ता आमच्याच गादीवर बांधला गेला. मी गादीला नव्या खोळी शिवून घेतल्या. नफ्या-तोट्याचं सोडा, एक दिवस दुकान माणसांनी भरेल, याचाच मला जास्त आनंद होता.

अक्का मात्र तारीख सांगेना. विचारलं की म्हणायची, "बघू की रं." आमच्या खानदानात 'बघू की' म्हणजे 'नाही'. वर कानावर आलं की राजश्रीनं सगळा बस्ता मोबाइलवर सुरतेच्या दुकानात निवडून ठेवलाय.

त्या संध्याकाळी मी पोपटी साडी खांद्यावर घेऊन उभा राहिलो आणि दुबईच्या ताईंपुढं माझा बांध फुटला!

"काय सांगू ताई, सख्खी बहीण सुरतेहून बस्ता आणतीय! अहो, तिची कंजुषी तुम्हाला माहीत नाही. स्वतःच्या बस्त्यात एका खणासाठी चार तास बसली होती! आमचे दाजी गरीब माणूस. बिचारे झोपेत घोरतात तेवढंच, नाहीतर त्या घरात त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नाही. भाची गुणाची, पण कापडाला हात न लावता साडी घेती. उद्या नवराही तसाच निवडायची! आणि आमची ही पुण्यात. तिला सांगतो, मजेत आहे, रोज साग्रसंगीत करून खातो. कसलं काय! काल खिचडी करपली, आज तीच गरम करून खाल्ली. ये म्हणून सांगत नाही मी. सांगायचं असतं का ते?"

एवढ्यात मोबाइल वाजला. पडद्यावर नाव, 'अक्का'!

"ताई, एक मिनिट हं. तिचाच फोन आला!" असं दुबईला सांगून मी फोन घेतला. "अक्का, शंभर वर्षं आयुष्य हाय बघ तुला! आत्ताच नाव काढलं."

"काढलं ते ऐकलं की!" अक्का कडाडली. "खणासाठी चार तास बसले व्हय रं म्या?"

माझ्या खांद्यावरून पोपटी साडी आपोआप खाली गळाली.

"तू... तू कुठं ऐकलंस?"

"मी एकटीनं न्हाय, अख्ख्या गल्लीनं ऐकलं! रोज सांजच्याला राजी तुला टीव्हीवर लावतीय. बाया मालिका सोडून तुला बघाया येत्यात. सोप्यात बसाया जागा न्हाय इथं!"

"पण अक्का, इथं तर एकच दाखवतंय!"

मागून राजश्रीचा आवाज आला, "मामा, टीव्ही एकच हाय की!"

"अगं, मग 'लांबून' कशाला लिहिलंस?"

"अणदूर काय जवळ हाय व्हय मामा?"

त्याच्याही मागून एक अनोळखी आवाज येत होता. पोट धरून कुणीतरी हसत होतं. थोड्या वेळानं लक्षात आलं, ते दाजी होते. लग्न झाल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते, आणि थांबायला तयार नव्हते. त्यांच्या हसण्यानं अक्का आणखी भडकली.

"बस्ता सुरतेवरनंच येईल!" म्हणाली आणि तिनं फोन आपटला.

मी गादीवर बसून राहिलो. लाज तर वाटलीच. पण खरं वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. इतके दिवस सोपा भरून माणसं माझ्यापुढं बसत होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माहीत असतं तर मी जरा कमी एकटा राहिलो असतो.

दोन दिवस मी मोबाइलसमोर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी अक्काचाच फोन आला.

"आरं, बंद का केलास? बाया येऊन बसल्यात. शेजारीण म्हणतीय, ती पोपटी परत दाखवा."

"तू रागावलीस ना?"

"रागावले की. राग हायच. पर बस्ता तुझ्याकडंच बांधू. मामाची गादी सोडून राजीला काय सुरतवाल्याची भाची करू व्हय? रविवारी बस्ता. तयारीत ऱ्हा."

मी हवेत! रविवारी सकाळीच गादीवर पांढऱ्याशुभ्र चादरी घातल्या, लोड लावले, हळदकुंकवाचं ताट भरलं, पंचवीस माणसांचा चिवडा आणला आणि रशीदभाईंना चहाची मोठी किटली सांगितली. मग दारात उभा राहून रस्त्याकडं बघत राहिलो. जीप काही येईना. शेवटी फोन आला.

"मामा, आज लाइव्ह नगं, व्हिडिओ कॉल लावा की!" राजश्री म्हणाली.

"कुठवर आलात गं?"

"इथंच, घरी. नवरदेवाकडची मंडळी बी आल्यात."

पाठोपाठ अक्का बोलली, "तीन जीपांचं भाडं कशाला उगी? टीव्हीवर काठसुदिक मोठा दिसतोय!"

(कंजुषीबद्दल मी काय म्हणालो होतो, ते आता पुन्हा म्हणत नाही.)

मग दिवसभर बस्ता झाला! फळीवरून काढणारा मी, उलगडणारा मी, नेसून दाखवणारा मी. पिवळा शालू मी अंगभर गुंडाळला, तर नवरदेवाची आत्या म्हणाली, "जरा वळा की, मागनं पदर बघू." वळलो. "वाईच चालून दाखवा." चाललो! मोकळ्या गादीवर शालू नेसून मी फेऱ्या मारत असतानाच रशीदभाई कपांचं ताट आणि किटली घेऊन आत आले, आणि दारातच थबकले.

"अप्पा... तबियत ठीक है ना?"

"बस्ता चाललाय."

"लोगां किधर हैं?"

मी मोबाइलकडं बोट दाखवलं. रशीदभाई मोठे अदबीचे. त्यांनी चहा ओतला आणि सगळे कप मोबाइलपुढं ओळीनं मांडले.

"च्या आला व्हय?" पलीकडून अक्का म्हणाली. "आमच्या वाटचा बी तूच पी बाबा!"

आम्ही दोघांनी जमेल तेवढा प्यायला. संध्याकाळी राजश्रीनं सुमनला पुण्याहून त्या कॉलमध्ये घेतलं. पडद्याच्या कोपऱ्यात ती दिसली. माझ्याकडं बघून आधी हसली, मग डोळे पुसले.

"अवो, खिचडी करपली म्हणं? पुढच्या महिन्यात येते मी."

कुठला 'पुढचा', ते सांगायच्या आत नातवानं मोबाइल तोंडात घातला.

सगळे गेले, म्हणजे पडदा काळा झाला. गादीवर उलगडलेल्या साड्यांचा ढीग पडला होता. मोठ्या साडीची घडी घालायला दुसरं टोक धरायला माणूस लागतं. मी टोकं खांबाला बांधून घड्या घातल्या आणि सोमवारच्या एसटीनं बस्ता अणदूरला धाडला.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. गल्लीतल्या बायांनी पाव्हण्यांना सांगितलं, मागण्या येऊ लागल्या, आणि तालुक्यात माझं नाव झालं! परवा उमरग्याचे एक कापड दुकानदार खास भेटायला आले. त्यांनी भारी कॅमेरा घेतलाय, गोल दिवा घेतलाय, पोराला पुण्याला धाडून हे शिकवून आणलंय.

"अप्पा, समदं करून बघितलं. पर दहा मिनिटांत बोलणंच संपतंय! तुमी दोन-दोन तास बोलता कसं?"

मी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आई हाय, मंडळी हाय, दोन पोरं, सुना, नातवंडं."

"मग तुम्हाला नाही जमायचं," मी त्यांना समजावलं. "कॅमेरा कसलाही चालतो हो. या धंद्याला घर रिकामं लागतं. तेवढं एक भांडवल माझ्याकडं भरपूर आहे!"