डेलियाचा दगड

समुद्राकडच्या कुरणात पुरलेल्या बाळांची आणि त्यांच्या आयांची चर्च जाहीर माफी मागणार, असं फादर लॉर्कननी प्रार्थनेनंतर सांगितलं आणि तेव्हापासून डेलियाचं कशातच लक्ष लागेना. बटाटे करपले. कुत्र्याला दोनदा खायला घातलं आणि कोंबड्या उपाशीच राहिल्या.

बाप्तिस्म्याआधी गेलेल्या मुलाला पूर्वी चर्चच्या आवारात जागा नसे. स्वर्गातही नसते, असं तेव्हाचे फादर ठणकावून सांगत. मग दिवस मावळला की बाप पोराला खोक्यात घालून त्या कुरणात पुरून येई आणि वर एक पांढरा दगड ठेवी. आईनं तिकडे जायचं नाही आणि काही विचारायचंही नाही. डेलियाचा मुलगा जेमतेम तासभर जगला. तिचा नवरा फेस्टी त्याला पुरून आला, हात धुतले आणि गाईची धार काढायला गेला. पुढे मरणाच्या दारात असताना त्यानं एकदाच तोंड उघडलं. काटेरी झुडपाच्या समुद्राकडच्या अंगाला आहे, म्हणाला, दगडावर तांबूस शीर आहे. त्यानंतर डेलियाची गाय नेमकी त्या कुरणात हरवायला लागली आणि तिला शोधायच्या निमित्तानं डेलिया तिकडे जायला लागली.

आता एवढ्या वर्षांनी यांना माफी सुचली. जावं की जाऊ नये, याच घोळात ती आठवडाभर घरातल्या घरात येरझारा घालत होती. फेस्टीचा पुतण्या कोल्मन चर्चच्या समितीत होता. तो रोज येऊन आग्रह करायचा.

"त्यांनी मागायची ती मागू देत," ती म्हणाली. "द्यायची की नाही ते माझं मी बघीन."

"बरं, पण रविवारपर्यंत तिकडे फिरकू नकोस, काकू. आम्ही पोरं राबतोय तिथं. बघशील तर ओळखणार नाहीस."

आणि रविवारी खरंच तिनं ओळखलं नाही. गवत कापलेलं, जमीन सपाट केलेली, झुडूप मुळासकट काढलेलं. मधोमध पांढऱ्या दगडांचा मोठा, रेखीव क्रूस मांडला होता. लोक कोल्मनची पाठ थोपटत होते. क्रूसाच्या डाव्या हाताला, खालच्या रांगेत तिला ती तांबूस शीर दिसली.

"या आयांना आम्ही रडूसुद्धा दिलं नाही," फादर बोलत होते. "आम्हाला क्षमा करा." त्यांचा आवाज फाटला. हा पोरगेला फादर खोटं बोलत नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

ती उठली, सरळ क्रूसापाशी गेली आणि दगड उपसू लागली.

"काकू, अगं काय करतेस? सगळं विस्कटेल."

"माझा आहे."

दगड छातीशी धरून ती समुद्राच्या बाजूला गेली, थांबली, परत फिरली, चार पावलं इकडे, चार तिकडे. कोल्मनचा चेहरा उतरला. आम्हाला वाटलं नुसते दगडच आहेत, असं काहीतरी तो पुटपुटला. म्हाताऱ्यांपैकी कुणीच त्याच्याकडे पाहिलं नाही.

फादर जवळ आले. "कुठं होता, आजी?"

"झुडपापाशी. झुडूप कुठंय ते तुम्ही सांगा."

डेलियानं दगड त्यांच्या हातात दिला. त्या वजनानं ते किंचित वाकले आणि काखेतलं प्रार्थनेचं पुस्तक गवतात पडलं.

"धरा," ती म्हणाली. "सापडेपर्यंत खाली ठेवायचा नाही. माफीचं नंतर बघू."

ती गुडघ्यांवर बसली आणि झुडपाचं एखादं तुटकं मूळ लागतंय का, म्हणून माती चाचपू लागली. थोड्या वेळानं कोल्मनही नव्याकोऱ्या पँटीसकट शेजारी येऊन बसला. तिनं त्याला हाकललं नाही. मागे फादरचे हात भरून आले होते, तरी त्यांनी दगड खाली ठेवला नव्हता; तिनं वळून पाहिलं नाही.