बेसाचा कोच आणि माझ्या पाच पोरी

फिलिपाइन्समध्ये बारा वर्षं पैसे घेऊन बास्केटबॉल खेळलेला माणूस माझा मित्र होता, असं सांगितलं की कारखान्यातले लोक विचारतात, तो नागपुरात काय करत होता? उत्तर साधं आहे. त्याची बायको इथली. ती आखातात नर्स होती, तो खेळ सोडून तिथल्या एका शाळेत पोरांना शिकवायचा. लग्न झालं. सासऱ्यांना लकवा मारला तेव्हा दोघं नागपूरच्या कडेला, बेसाला, त्यांच्या घरी येऊन राहिले.

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला असतो. तरुणपणी जिल्ह्याकडून खेळलो, त्यापुढे काही झालं नाही. आमच्या वस्तीतल्या विहारामागे सिमेंटचं एक मैदान आहे. तिथे रोज संध्याकाळी मी बारा पोरींना शिकवायचो. एक माझी मुलगी. एका संध्याकाळी हा उंच माणूस स्कूटर लावून तारेच्या कुंपणाशी उभा राहिला. अर्धा तास बघत होता. मग आत आला आणि एका पोरीचा पाय आपल्या पायानं सरकवून नीट ठेवला. "बॉल नाही पाहाचा," तो म्हणाला, "कंबर पाहाची. कंबर खोटं नाही बोलत." सासरी शिकलेली मराठी, त्यामुळे थेट आमच्यासारखी.

त्यानंतर तो तीन वर्षं येत राहिला. एक पैसा घेतला नाही. रविवारी सरावानंतर आम्ही दोघं तर्री-पोहे खायचो, आणि तो त्याच्या गोष्टी सांगायचा. बाप मच्छीमार. नारळाच्या खोडाला सायकलचं रिम ठोकून केलेली बास्केट, पायात चपला. गावच्या जत्रेत जिंकलं की बक्षीस म्हणून डुक्कर मिळायचं. तिथून तो मनिलाच्या मोठ्या संघात पोचला. त्याचं काम बास्केट करणं नव्हतं. समोरच्या संघातल्या सगळ्यात भारी खेळाडूला रोखणं, एवढंच. तो म्हणायचा, माझा चेहरा कधी पोस्टरवर आला नाही, पण पोस्टरवरचे सगळे मला ओळखायचे.

नवव्या वर्षी संघानं त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. त्याला ते रेडिओवर कळलं, टॅक्सीत बसलेला असताना. त्याचं दुःख त्याला एवढं नव्हतं. गुडघे गेले होते, हे कधीतरी होणारच होतं. पण ज्या सोबत्याबरोबर तो नऊ वर्षं एका खोलीत राहिला, त्याला दोन दिवस आधीच माहीत होतं. आदल्या दिवशी दोघं सोबत जेवले होते. हे सांगताना तो पोह्यातला चमचा नुसता फिरवत राहिला. मी त्याला म्हटलं, असा माणूस मित्र नसतो.

मागच्या वर्षी, दिवाळीनंतरच्या सोमवारी, सातच पोरी मैदानावर आल्या. माझ्या पाच चांगल्या पोरी नव्हत्या. माझ्या मुलीनं ट्यूशनचं कारण सांगितलं होतं. मंगळवारीही तेच. बुधवारी सातातली एक बुटाची लेस बांधता बांधता म्हणाली, "सर, त्या तं बेसाले जाऊन राहिल्या. तिथं लाकडाची फरशी आहे."

मग सगळं कळलं. बेसात कुणीतरी खासगी अकादमी काढली होती. त्यांना कोच हवा होता, आणि कोचबरोबर तयार संघ. तो माझ्या पाच पोरींना घेऊन तिकडे गेला होता. पोरींना फी माफ. फॉर्मवर पालकाची सही लागत होती. माझ्या मुलीच्या फॉर्मवर तिच्या आईची सही होती, महिन्याभरापूर्वीची. त्या महिन्यात तो दोनदा आमच्या घरी जेवला होता. बायकोनं त्याला आग्रहानं वाढलं होतं आणि मी समोर बसून पोरींच्या पुढच्या स्पर्धेचं बोलत होतो. तो, बायको आणि मुलगी, तिघंही ऐकत होते.

मी बायकोला विचारलं. तिनं लपवलं नाही. म्हणाली, "तुमी नाही म्हटलं असतं. पोरीचं काहून अडवाचं?" मुलगी दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तर तिनं मान खाली घातली. जेवणाचं ताट पुढे आलं. मी जेवलोही. चव आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर थेट बेसाला गेलो. तो व्हरांड्यात सासऱ्यांचा हात तेल लावून चोळत होता. मला बघून उठला नाही, हात चोळतच राहिला.

"मी तुले सांगणार होतो," तो म्हणाला.

मी विचारलं, कधी? त्यानं बाटलीतून आणखी तेल हातावर घेतलं. सासरे आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. मग मी जे विचारायला आलो होतो ते सोडून भलतंच विचारलं. "तुझ्या त्या मनिलाच्या दोस्तानं काय कारण सांगतलं होतं?"

त्यानं तेलाची बाटली खाली ठेवली. "मी त्याले कधी विचारलंच नाही. भेव वाटे गा. त्याचं कारण बरोबर निघालं असतं तं?"

मी चहा न घेता निघालो. रस्ताभर त्याला सुनवायची वाक्यं जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्य एका जागी येऊन अडत होतं. लाकडी फरशीवर पोरींचे गुडघे वाचणार होते. माझ्या सिमेंटवर ते फुटत होते, हे मला त्याच्याआधीपासून माहीत होतं.

उन्हाळ्यात मुलगी जिल्ह्याच्या संघात निवडली गेली. सामना बघायला गेलो, मागच्या पायरीवर बसलो. ती समोरच्या पोरीच्या कंबरेवर नजर रोखून सरकत होती, तसं मी तिला कधी शिकवू शकलो नसतो. सामना संपल्यावर ती येऊन शेजारी बसली. मी म्हटलं, डावा हात अजून कच्चा आहे. ती हो म्हणाली. नंतर तिनं हळूच विचारलं, "बाबा, तुमी खरंच नाही म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलं," मी म्हणालो. आजही मला ते नक्की माहीत नाही.

पावसाळ्यात त्याचे सासरे वारले. त्यानंतर महिन्याभरानं त्याचा फोन आला. बायकोला पुन्हा आखातात नोकरी लागली आहे, आठ दिवसांनी आम्ही जाऊ, तुला आधी सांगतो आहे, असं तो म्हणाला. मी कंपनीच्या बसच्या रांगेत होतो. मी "बरं" म्हटलं. फोन दोघांनीही ठेवला नाही. तेवढ्यात बस आली आणि मागचे लोक ढकलू लागले.