पाहुणे आला आहेत

"थांब, मी सांगतो," असं म्हणून माझी मैत्रीण उजव्या हाताचा पंजा समोरच्याच्या तोंडापुढे धरायची. मुलगी असून ‘सांगतो’. आमच्या वऱ्हाडात बायकाही ‘जातो’, ‘करतो’ म्हणतात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. वाटलं ते कॉलेजात संवादकौशल्य शिकवायला आलेल्या सरांना. पहिल्याच तासाला त्यांनी तिला उभं केलं. "सांगतो? तू मुलगा आहेस की मुलगी?" वर्ग हसला. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या आया घरी ‘सांगतो’च म्हणत असतील.

शुद्ध भाषा म्हणतात ती कोणाच्या घरी धुऊन निघते, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. तासानंतर मी तावातावाने हेच बोलत होते. ती म्हणाली, "तू भांड व. मले बोलता आलं पायजे. आमच्या वस्तीतून कॉलेजात आलेल्या आमीच पयल्या पोरी. मले नोकरी पायजे."

वस्ती रिठद गावाच्या पुढे. तिथून सकाळी एकच एसटी निघायची, आणि तिचं सगळं शिक्षण त्या एका गाडीवर चालायचं.

सरांचं बोलणं तिने फारच मनावर घेतलं. ‘मले’ चूक, ‘मला’ बरोबर. म्हणजे जिथे ‘ले’ दिसेल तिथे ‘ला’, असा नियम स्वतःच काढला. गॅदरिंगचं सूत्रसंचालन हट्टाने मागून घेतलं आणि माइकसमोर उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "प्रमुख पाहुणे आला आहेत. विद्यार्थी जमला आहेत. आता आपण फुला देऊन स्वागत करू."

मंडप हसून लोळला. तिने मात्र आभारापर्यंत कार्यक्रम रेटून नेला.

नंतर पायऱ्यांवर बसून तिने विचारलं, "कायले हसून राह्यले होते व सारे?"

मी ‘आले’ आणि ‘आला’ समजावून सांगितलं. ती गंभीर झाली. मग एकदम खो खो हसायला लागली. "म्हंजे एवढे पाहुणे बसले होते, अन् म्या सारे मिळून एकच करून टाकला!"

स्वतःच्या फजितीवर असं हसणारं माणूस तुमच्याही ओळखीचं असेल. अशी माणसं फार दिवस चुकत राहत नाहीत.

शेवटच्या वर्षी पावसाळा सरला आणि ती एसटी बंद झाली. कारण काय, तर प्रवासी मिळत नाहीत. तिचे वडील रागावले नाहीत, ओरडले नाहीत. "गाडी नाही त कॉलेज नाही. पोरगी रोज कोनाच्या मोटारसायकलवर जाईन?" एवढंच म्हणाले. वस्तीतल्या बाकीच्या मुलींच्या घरीही हेच ठरलं. डेपोत जाऊन साहेबांशी बोलायचं, आणि बोलायचं तिनेच, असं मुलींनी ठरवलं.

भाषण मी लिहून दिलं. मी मोर्च्यांची पत्रकं वाचत वाढलेली. पहिल्या ओळीत धिक्कार, दुसरीत जाब. तिने शेवटपर्यंत वाचलं. "लय भारी हाय. पन याच्यात गाडी कुठी हाय?"

गाडी पार शेवटी होती.

मग तिने आपलं आपण जुळवलं. सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती, तिथे बायकांसमोर ती बोलून पाहायची. "बोल व बाई, पन इळा चालू ठेव," बायका म्हणायच्या. एकदा एका काकूने मधेच तोडलं. "तू आमाले सांगून राह्यली का पाठ म्हनून राह्यली? आमच्या तोंडाकडे तरी पाह्य!" त्या दिवसापासून ती ऐकणाऱ्याचा चेहरा बघू लागली. वाक्यं लहान झाली. गप्प राहणंही तिला जमू लागलं.

डेपोत साहेब कागदातून मान वर न करता म्हणाले, "लेखी द्या. बघू."

ती काहीच बोलली नाही. इतका वेळ की साहेबांना मान वर करावी लागली.

"साहेब, गाडी बंद झाली तेव्हापासून आम्ही घरी आहोत. शेवटचं वर्ष आहे. प्रवासी नाहीत असं तुम्ही म्हणता. या सगळ्या प्रवासी आहेत." तिने मागे उभ्या असलेल्या मुलींकडे हात केला.

"बघतो म्हटलं ना."

"बघतो नको, साहेब. कोणाची परवानगी लागते आणि आम्ही पुन्हा कधी यायचं, तेवढं सांगा."

एक शब्द चुकला नव्हता. साहेब तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कोन्या गावची व तू?"

साहेब आमच्याकडलेच निघाले.

"गाव सांगतो. पयले गाडीचं सांगा," ती म्हणाली. मी ओठांवर आलेली घोषणा गिळली.

आणखी खेपा घालाव्या लागल्या, पण गाडी सुरू झाली. हक्काची एसटी मागायला मुलींना एवढं नीट बोलता यावं लागतं, याचा मला आजही संताप येतो.

परीक्षेनंतर तिला नागपूरला एका कंपनीत नोकरी लागली. गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायची. ती निघाली त्या सकाळी मी वस्तीवर गेले होते. एसटी कॉलेजच्या मुलींनी भरलेली. तिला बसायला जागा नव्हती. दांडा धरून उभी होती. खिडकीखाली वडील. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं, मिटलं, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसलं.

"काय म्हनता, बाबा?" ती आतून ओरडली.

"काई नाही," ते म्हणाले, आणि ड्रायव्हरने निघावं म्हणून त्यांनी गाडीच्या पत्र्यावर जोराने थाप मारली.