हाकेपलीकडचा मुक्काम

मी देव मानते की नाही, हे मला आजही एका दमात सांगता येत नाही. शाळेत मुलांना विज्ञान शिकवायचं आणि घरी येऊन देवापुढे दिवा लावायचा, यात मला कधी अडचण वाटली नाही. पण दिवा लावतानाही डोक्यात काहीतरी प्रश्न असायचाच. आमचे हे म्हणायचे की तुझ्यासारखी बाई देवळात गेली तर देवीच उत्तरं देऊन थकायची. त्यामुळे माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, एक दिवस मायपाशी बसायला जायचं असं जाहीर केलं, तेव्हा मला आधी काळजी वाटली आणि तिच्या मागोमाग कुतूहल आलं. भक्ती कुठे जवळपास नव्हती, हे कबूलच करते.

माय म्हणजे नार्नूरच्या पुढे, दाट जंगलात, नदीच्या काठी कहूच्या, म्हणजे अर्जुनाच्या, झाडाखाली असलेली एक शेंदूर लावलेली शिळा. तिथे देऊळ नाही, जत्रा नाही, नारळाचं दुकानही नाही. आत्याबाईंच्या सासरची घरं पूर्वी त्या भागात होती; पुढे पोरं शिकली, नोकऱ्या लागल्या आणि आमचं घर जैनथला आलं. पण त्या घरांची रीत तशीच राहिली होती. घरातल्या थोरल्या बाईने आयुष्यात एकदा तरी पौषात तीन दिवस मायपाशी बसायचं. बसायचं म्हणजे नदीकाठी उघड्यावर मुक्काम करायचा. वर तंबू नको, छप्पर नको, निजायला जमीन, रांधायला तीन दगडांची चूल, प्यायला वाळूत झिरा खणून जे पाणी लागेल ते. उठताना दगड नदीला परत द्यायचे आणि राख मातीत मिसळायची. आणि सगळ्यात मोठा नियम असा की एका घराची हाक दुसऱ्या घराला ऐकू येणार नाही इतकं लांब बसायचं, पण एकमेकांचा धूर मात्र दिसला पाहिजे.

आत्याबाईंना साखरेचा आजार होता. आदिलाबादच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी दोन वेळा, खाणं वेळेवर, गोड बंद, असा सगळा कारभार माझ्याकडे होता आणि तो मी परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखा सांभाळत होते. सामान बांधताना त्यांनी हळूच गुळाचा एक खडा मागितला, मायला नैवेद्य दाखवायला. मी दिला नाही. नैवेद्य दाखवून झाला की तो खडा कुठे जाणार हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, मायला भाकरी चालेल, तिला कुठे साखरेचा आजार आहे. माझ्या विनोदावर हे हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. ज्वारीचं पीठ, तांदूळ, डाळ, मीठ, लोणचं एवढंच घेतलं, आणि माझ्या हुकमाने एक वातीचा स्टोही. चुलीच्या धुराने त्यांना खोकला येतो, हे माझं कारण होतं. खरं म्हणजे ओल्या लाकडांशी झटायची माझी तयारी नव्हती.

बसने उटनूर, तिथून नार्नूर आणि पुढे बैलगाडी. आमच्या आंध्रात तालुके मोडून मंडळं झाली त्याला फार दिवस झाले नव्हते, आणि कचेरीत कारकून असलेले आमचे हे वाटभर गाडीवानाला नवं मंडळ कुठून सुरू होतं ते समजावून सांगत होते. गाडीवान फक्त मान हलवत होता. नदीच्या एका वळणावर त्याने आम्हाला उतरवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी येऊन सांगा, मग गाडी जुंपतो, असं म्हणून तो गेला.

पहिले दोन दिवस मी फार सुखात घालवले, हे सांगायला हवं. आत्याबाई शिळेसमोर बसून असायच्या आणि मी वही घेऊन वाळूत फिरायचे. पहाटे पाणी प्यायला आलेल्या जनावरांच्या पायांचे ठसे मी काढून घेतले. झिऱ्याचं पाणी नदीच्या पाण्यापेक्षा गोड का लागतं यावर एक पान लिहिलं. वळणापलीकडे दोन-तीन घरं बसली होती, त्यांच्याकडे चालत जाऊन मी हाकेच्या नियमाचं कारण विचारलं. एका बाईने सांगितलं की पूर्वी पटकीची साथ आली होती, तेव्हापासून लांब बसतात. दुसरीने सांगितलं, मायच्या दारात सासू-सुनांची भांडणं शेजाऱ्याला ऐकू जाऊ नयेत म्हणून. तिसरीला कारण माहीत नव्हतं आणि तिला ते हवंही नव्हतं. मी तिन्ही उत्तरं वहीत उतरवली. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी नदीतले तीन दगड आणून मांडले होते, त्यांना कुंकू लावलं होतं, आणि चूल पेटव म्हणाल्या होत्या. मी स्टो पेटवला. त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की त्यांना पटलं, असं मी लग्नाला अकरा वर्षं होईपर्यंत धरून चालले होते.

तिसऱ्या दिवशी उजाडताच हे गाडी आणायला निघाले. जायला दोन-अडीच तास, यायला तितकेच. मी घड्याळ बघून आत्याबाईंना गोळी दिली आणि भाताचं आधण ठेवू का विचारलं, तर आंघोळ-पूजा होऊ दे, मग खाते, म्हणाल्या. मी बरं म्हटलं आणि आदल्या दिवशी अर्धा राहिलेला एक ठसा पुरा करायला वाळूत गेले. तासभर गेला असेल. परत आले तर आत्याबाई कहूला टेकून बसलेल्या. डोळे उघडे होते, पण मी बोलले त्याला उत्तर नाही. एवढ्या थंडीत लुगडं घामाने भिजलेलं, हात बर्फासारखे, बोटं थरथरत होती. आधी वाटलं, त्यांना थंडी बाधली. मग डॉक्टरांचं बोलणं आठवलं. साखर वाढली तर वेळ मिळतो, एकदम उतरली तर मिळत नाही. तोंडात काहीतरी गोड घाला, असं त्यांनी बजावलं होतं.

गोड. माझ्याजवळ चिमूटभर साखर नव्हती. सगळं गाठोडं मी वाळूत उपडं केलं, पीठ आणि डाळ आणि लोणच्याची बरणी यांच्याकडे बघत राहिले. स्टोवर तांदळाची पेज ठेवली, पण पेज शिजेपर्यंत त्यांचे दात घट्ट मिटले होते आणि डोळेही. मी वळणाच्या दिशेला तोंड करून हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. हाक पोचू नये म्हणूनच तर सगळे लांब बसलेले. धावत जावं तर आत्याबाईंना एकटं टाकून जायचं कसं, आणि जाऊन यायला अर्धा तास. आयुष्यभर मला प्रत्येक गोष्टीचं कारण कळत आलं होतं, आणि त्या सकाळी तर अगदी नीट कळत होतं की ही बाई माझ्यामुळे मरते आहे. मी शिळेकडे पाहिलं. नवस बोलायचं सुचलं नाही, रडूही आलं नाही. आता काय करू, एवढं मी तिला विचारलं. उत्तराची वाट बघत थांबावं असा माझा तो पहिलाच प्रश्न असेल.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून एक म्हातारा पाण्यात उतरताना दिसला. गुडघ्याएवढ्या पाण्यातून तो घाई न करता चालत आला. कमरेला पंचा, खांद्यावर कांबळं, हातात पानांनी तोंड बांधलेली एक बाटली. तो कोलाम आदिवासी होता. नदीपलीकडे डोंगराच्या कुशीत त्यांचा गुडा, म्हणजे पाडा, आहे. त्याने आत्याबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मी गोड, गोड काहीतरी, एवढंच म्हणू शकले. त्याने बाटलीचं पान सोडलं. आत मध होता.

"मायसाठी आणला व्हता," तो म्हणाला. "तिले मंग देईन. आदी ह्या मायले दे."

मी आत्याबाईंचं डोकं मांडीवर कुशीला वळवलं आणि बोटाने हिरड्यांवर मध चोळत राहिले. थोडा थोडा, पुन्हा थोडा. म्हातारा उकिडवा बसून त्यांचे तळपाय चोळत होता. किती वेळ गेला ठाऊक नाही. त्या दिवशी मी घड्याळ पाहिलं नाही. मग ओठ हलले, मग त्यांनी माझं बोट चाटलं, अगदी लेकरासारखं, आणि तेव्हा मला रडू आलं. डोळे उघडल्यावर त्यांनी आधी पदर सारखा केला आणि हा कोण म्हणून विचारलं. पुढच्या तासाभरात त्यांनी वाटीभर पेज मधासोबत घेतली. राहिलेला मध म्हाताऱ्याने शिळेपुढे पानावर ओतला. मायला गोड मिळालं.

आता माझा स्वभाव. जीव भांड्यात पडताच मी म्हाताऱ्याला विचारलं की तुम्ही इकडे कसे आलात, मायची वाट तर वरच्या अंगाने आहे. तो सांगू लागला की बसायला आलेल्या लोकांच्या चुलीवर सकाळ-संध्याकाळ मूठभर ओला पाला टाकायची रीत आहे, धूर उंच जातो. तो धूर गुड्यातून त्यांच्यापैकी कोणीतरी बघतो. धूर निघाला म्हणजे ती घरं सुखरूप आहेत. माझ्या तीन बायांपैकी कोणालाच हे माहीत नव्हतं, किंवा मी त्यांना तसं विचारलं नव्हतं.

"दोन दिस तुमचा धूर दिसला," तो म्हणाला. "आज नाई दिसला. म्हनून इकडून आलो."

मी त्याला म्हटलं, बाबा, आम्ही चूल पेटवलीच नाही, स्टोवर रांधलं. त्याने स्टोकडे पाहिलं, मग वळणाकडे, मग आमच्या झाडाकडे बोट केलं. "अठूनच निंगत व्हता," तो म्हणाला आणि कांबळं झटकून उठला. त्याला त्यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

मला वाटलं. तो गेल्यावर मी त्या तीन दगडांपाशी बसले. कुंकू जसंच्या तसं होतं, दगडांवर काजळी नव्हती, खाली राखेचा कण नव्हता. पहाटे नदीवर धुकं असतं, ते असेल. पण धुकं तर तिसऱ्या दिवशीही होतं, चांगलं दाट होतं. शेजारच्या घराचा धूर वाऱ्याने वळला असेल. पण वारा दोन्ही दिवस उलटा होता, माझ्या वहीत तशी नोंद आहे. म्हाताऱ्याची नजर अधू असेल. पण त्याने नदीपलीकडून आम्हाला नेमकं हेरलं. आजवर मी या गोष्टीची बरीच उलथापालथ केली आहे. एवढंच म्हणते की आमचा धूर दोन दिवस कोणीतरी सांभाळला आणि तिसऱ्या दिवशी, जेव्हा माणूस यायला हवा होता, तेव्हा सोडून दिला. ज्याला दुसरं काही म्हणावंसं वाटेल त्याने म्हणावं, मी वाद घालणार नाही.

दुपारी हे गाडी घेऊन आले आणि ऐकून आधी आत्याबाईंपाशी जाऊन बसले. परतीच्या वाटेवर ते गाडीवानाशेजारी पुढे, आणि मी मागे आत्याबाईंना धरून. त्यांनी सहज सांगितलं की शेवटच्या रात्री जेवायचं नसतं, ताट नदीतल्या मासोळ्यांना द्यायचं असतं. म्हणजे रात्रीचं ताट अंधारात माझ्या नकळत नदीला गेलं होतं, आदल्या दुपारपासून त्या उपाशी होत्या आणि त्यावर मी गोळी दिली होती. मी विचारलं, "आत्याबाई, हे मले काऊन नाही सांगितलं?"

"तू इचारलं कवा?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. गाडीवानाला, वळणापलीकडच्या बायांना, त्या म्हाताऱ्याला, अगदी वाळूतल्या पावलांनाही मी प्रश्न विचारले होते. या बाईला अकरा वर्षांत मी फक्त सूचना दिल्या होत्या. मग, उशिरा का होईना, मी विचारलं की एवढ्या थंडीत येऊन तुम्ही मायला मागितलं तरी काय.

त्या म्हणाल्या, "मले चालता-फिरता ने म्हटलं मायले. मी खाटेवर पडून राह्यली तर तुले शाळा सोडा लागन. तुले शाळेचा लय नाद हाय."

मी त्यांचा हात घट्ट धरला.

ते मागणं मायने मानलं नाही. आत्याबाई त्यानंतर सहा वर्षं जगल्या आणि त्यातले शेवटचे आठ महिने त्या खाटेवरच होत्या. माझी शाळा सुटली नाही, रजा मात्र खूप गेल्या. मी त्यांच्या उशाशी बसून रोज काही ना काही विचारत असे, त्यांच्या माहेरचं, नदीचं, कशाकशाचं, आणि त्या थकेपर्यंत सांगत असत. मायने त्यांचं ऐकलं नाही, याबद्दल मी रोज दिवा लावताना तिचे आभार मानते.